पेटी सरकली, शाफ्टचे काय?



या पानावर एरवी मी लागणीचा हंगाम, बेणेप्रक्रिया, खोडव्याचे पाचट, हुमणी असले विषय घेऊन येतो. या वेळी जीपच्या पोटाखाली शिरणार आहे. "साहेब, ऊस सोडून हे काय काढलं?" असे कोणी म्हणेल. कारण असे की अलीकडे आपल्या कार्यक्षेत्रात जुन्या फोर व्हील जीप पुन्हा दिसू लागल्या आहेत. लिलावातून किंवा ओळखीने गाडी घ्यायची, दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवायचा, कमानपाटे वाढवायचे, मोठी टायर घालायची आणि पावसाळ्यात काळ्या रानातून बेणे, खत, माणसे न्यायची. कामाला गाडी उत्तम, यात शंका नाही. मात्र गॅरेजात ट्रान्स्फर केसला हात लागला की तिच्यापासून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे सगळे गणित बदलते, आणि ते गणित मांडून बघणारे थोडे. न मांडलेल्या अशाच एका गणितापायी २०११ साली आम्ही पाच माणसे नाल्यात जाता जाता राहिलो.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. तेव्हा मी गट अधिकारी. अडसाली लागणीच्या नोंदी घ्यायला डोंगराकडच्या गावी जायचे होते. आमची गाडी दुरुस्तीला गेलेली, म्हणून एका सभासद बंधूंनी आपुलकीने स्वतःची जीप काढली. चालवायला तेच बसले. मागे खताची सहा पोती, त्यांचे वडील आणि लागणीला निघालेल्या दोन बायका. खिंडीच्या चढावर पोटाखालून ठक्-ठक् असा आवाज सुरू झाला. "गेले दोन महिने घूं घूं करतीय, आज ठोकायला लागली," असे ते हसत म्हणाले, आणि पुढच्या खड्ड्यात काहीतरी सुटून तळाच्या पत्र्यावर असे आदळले की माझे पाय उडाले. इंजिन चालू, गाडी जागेवर.

त्यांनी पायाचा ब्रेक दाबून धरला आणि हँडब्रेक ओढला. पाय जरा सैल करताच गाडी मागे निघाली. पुन्हा पाय दाबला. हँडब्रेक पार वरपर्यंत ओढलेला, तरी तेच. इंजिन बंद करून गिअर टाकला, तरी तेच. मागे वळण, आणि वळणाखाली वीस-पंचवीस फूट खोल नाला. मी उडी मारून चाकाला दगड लावला, तो निघाला गोल गोटा; चाकाने सरळ ढकलून दिला. तेवढ्यात मागून म्हातारबा ओरडले, "अरे, फोर व्हीलचा दांडा टाक!" तरुणपणी त्यांनी जीपवर ड्रायव्हरकी केलेली. मुलाने छोटा दांडा ओढला, पाय सैल सोडला, गाडी हातभर मागे सरकली, पेटीतले दात एकमेकांत बसले आणि गाडी जागच्या जागी खिळली. मग बायका उतरल्या. त्यातली एक रस्त्याच्या कडेला बराच वेळ नुसती बसून राहिली.

हँडब्रेक लागला नाही, याचे कारण तेव्हा मलाही कळले नव्हते. ते नीट समजून घेऊ.

महिंद्र कंपनीने १९४९ पासून मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली, आणि पुढे 'सीजे-३बी' या मॉडेलच्या जीप आपल्याकडे वर्षानुवर्षे निघत राहिल्या. मागच्या व पुढच्या चाकांत ८० इंच अंतर, म्हणजे गाडी आखूड. इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स आणि त्याला चिकटून ट्रान्स्फर केस, जिला आपले मिस्त्री नुसते 'पेटी' म्हणतात. पेटीतून एक शाफ्ट मागच्या एक्सलला जातो, एक पुढच्या. दोन्ही गाडीच्या उजव्या अंगाने जातात, म्हणून जुन्या जीपच्या डिफरन्शियलचा गोळा मध्यावर नसून उजवीकडे असतो. आता महत्त्वाची गोष्ट. या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. त्याचा ड्रम पेटीच्या मागच्या तोंडावर, शाफ्ट जिथे जोडला जातो तिथे असतो. हँडब्रेक शाफ्टला धरतो आणि शाफ्ट चाकांना धरतो. शाफ्टच तुटला तर ब्रेक पकडणार कोणाला? गिअरचेही तेच. फोर व्हीलचा दांडा टाकल्यावर पेटीचे पुढचे तोंड मागच्या तोंडाला जोडले गेले आणि तोच हँडब्रेक पुढच्या शाफ्टमार्फत पुढच्या चाकांना लागला. त्या गाडीच्या पुढच्या चाकांना सोडबंद करायचे हब नव्हते, हेही नशीब. हब असते आणि सोडलेले असते, तर दांडा टाकूनही उपयोग झाला नसता.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून तालुक्याच्या एका लेथवाल्याकडे नेली. हे मिस्त्री कमी बोलणारे. त्यांनी आधी टेप घेतला, पाना नंतर. मूळ गिअरबॉक्स तीन गिअरचा होता. तो काढून दुसऱ्या एका गॅरेजने चार गिअरचा लांब गिअरबॉक्स बसवला होता, त्यामुळे मागची पेटी चार इंच मागे सरकली होती. शिवाय वजन पेलावे म्हणून पाटे वाढवल्याने गाडी दोन इंच उचलली गेली होती. मिस्त्रींनी खडूने फरशीवर आकडे लिहिले, ते मी डायरीत उतरवून घेतले. पेटीचे तोंड आणि एक्सलचे तोंड यांत पूर्वी आडवे अंतर २० इंच आणि उभा उतार ५ इंच. म्हणजे शाफ्ट साधारण १४ अंशात. पेटी चार इंच मागे आली, आडवे अंतर १६ झाले, कोन १७ अंशांच्या वर गेला. गाडी दोन इंच उचलली, उतार ७ इंच झाला, कोन साडेतेवीस अंशांच्या पुढे. कागदावर चार इंच आणि दोन इंच. शाफ्टच्या दृष्टीने मात्र तो जणू दुसऱ्याच गाडीत येऊन पडला.

कोन वाढला तर बिघडले काय? शाफ्टच्या दोन्ही टोकांना जे क्रॉस असतात, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, त्यांचा एक जुना दोष आहे. ही रचना कार्डानो आणि हूक यांच्या काळापासून, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकापासून माहीत आहे. मोटारीला चालेल असा बंदिस्त जॉइंट क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकनाने काढला आणि १९०३ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. पण मूळ स्वभाव तोच राहिला. क्रॉस कोनात फिरू लागला की अलीकडचा शाफ्ट एका गतीने फिरत असला तरी पलीकडचा तसा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. १४ अंशाला हा फरक दोन्ही बाजूंना तीन टक्क्यांच्या आसपास असतो. साडेतेवीस अंशांना तो नऊ टक्क्यांवर जातो. पेटी मिनिटाला २००० फेरे देत असेल तर शाफ्ट क्षणात १८३० च्या आसपास, क्षणात २१८० च्या आसपास, आणि ही ओढाताण मिनिटाला चार हजार वेळा. क्रॉसच्या टोप्यांतल्या सुया एवढ्यावर फार दिवस टिकत नाहीत.

यावर इलाज म्हणूनच शाफ्टला दुसरा क्रॉस असतो. बैलजोडीतला एक बैल अंगाने पुढे गेला आणि दुसऱ्याने तेवढेच सावरून घेतले तर नांगर सरळ चालतो, तसे हे आहे. पहिल्या क्रॉसने जेवढे पुढे ढकलले तेवढे दुसऱ्याने मागे घेतले की एक्सलला गती सारखी पोचते. त्याला दोन अटी आहेत. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत, म्हणजे पेटीचे तोंड आणि एक्सलचे तोंड एकमेकांना समांतर हवे. आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान एका ओळीत हवेत. यातली एक अट मोडली की दोन्ही बैल एकदमच पुढे धावतात.

आमच्या जीपच्या गॅरेजवाल्याने पहिली अट मोडली होती. शाफ्ट फार वाकडा दिसतो म्हणून त्याने पाट्याखाली पाचर घालून एक्सलचे तोंड वर, पेटीकडे वळवले. डोळ्यांना ते बरे दिसते. खालच्या क्रॉसचा कोन कमी झाला, वरचा तसाच राहिला, आणि समांतरपणा गेला. दोन महिन्यांची ती घूं घूं याचीच. पाचर घालून तोंड पेटीकडे वळवणे हे एका ठिकाणी बरोबर असते: शाफ्टच्या वरच्या टोकाला जोड-क्रॉस असेल तर. त्यात दोन क्रॉस पाठोपाठ बसवलेले असतात आणि ते एकमेकांचा दोष तिथल्या तिथे फेडतात, त्यामुळे खालचा क्रॉस जवळपास सरळ राहावा लागतो. साधा शाफ्ट ठेवून जोड-क्रॉसची पाचर घालणे म्हणजे सुरूच्या उसाला अडसालीचे वेळापत्रक लावणे.

तरीही शाफ्ट तुटला तो घूं घूं मुळे नव्हे. तो तुटला लांबीमुळे, आणि इथे सभासद बंधूंनी विशेष लक्ष द्यावे.

चाक खड्ड्यात गेले, वर आले की पेटी आणि एक्सल यांतले अंतर कमी-जास्त होते. म्हणून शाफ्ट मध्ये खाचांचा, एकात एक सरकणारा असतो. पेटी मागे आली म्हणून त्या गॅरेजने शाफ्ट कापून आखूड केला, हे योग्यच. पण माप घेतले ते चासी जॅकवर उचलून, एक्सल खाली लोंबत असताना. लोंबत्या एक्सलचा उतार ७ ऐवजी १० इंच होता. आडवे १६ आणि उभे १०, म्हणजे तिरके अंतर पावणेएकोणीस इंचांच्या थोडे वर. त्या मापाला शाफ्ट बनवला आणि सरकायला दीड इंच जागा ठेवली. गाडी चाकांवर उभी राहिली की तेच अंतर साडेसतरा इंच, जवळपास १.४ इंच तिथेच संपले. रिकामी गाडी कशीबशी चालत होती. त्या दिवशी सहा पोती आणि पाच माणसे बसली, पाटे दोन इंच दबले, अंतर पावणेसतरा इंचांवर आले आणि शाफ्ट पूर्ण मिटला. आता तो शाफ्ट राहिला नाही, एक्सल आणि पेटी यांच्यात ठोकलेला टेकू झाला. प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ पेटीच्या बेअरिंगवर. ती ठक्-ठक् त्याची. आधीच झिजलेला वरचा क्रॉस पहिल्यांदा गेला.

आमचा वेग कमी होता म्हणून निभावले. शाफ्टचे पुढचे टोक सुटून खाली पडले आणि गाडी वेगात पुढे जात असली, तर ते टोक जमिनीत रुतते आणि मागची गाडी त्यावर उचलली जाते. हे टाळायला शाफ्टच्या पुढच्या भागाभोवती चासीला लोखंडी पट्टीचा कडा बसवतात. त्याचा खर्च किरकोळ. पेटी किंवा गिअरबॉक्स बदललेल्या प्रत्येक जीपला तो असावाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा माप घ्यायचे ते गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर, नेहमीचे वजन भरून उभी असताना. पेटीच्या योकपासून एक्सलच्या योकपर्यंत. मग एक्सल पूर्ण लोंबत असताना किती वाढते आणि पूर्ण दबल्यावर किती कमी होते, ही दोन्ही मापे वेगळी घ्यायची. दबल्यावरही सरकायला इंचभर शिल्लक हवे, आणि लोंबल्यावर खाचा एकमेकींत पुरेशा गुंतलेल्या हव्यात. मागचा शाफ्ट करताना पुढचाही मोजावा. पेटी मागे गेली की मागचा आखूड होतो, पण पुढचा तेवढाच तोकडा पडतो, आणि फोर व्हील रोज लागत नसल्याने ते चिखलात फसल्यावरच कळते. शाफ्ट खोलण्यापूर्वी दोन्ही भागांवर पंचाने समोरासमोर टिंब मारून ठेवावे, म्हणजे परत बसवताना कान एका ओळीत येतील. खाच एकच चुकली तरी वर सांगितलेली दुसरी अट मोडते. आणि शाफ्ट कापून पुन्हा वेल्ड केला की बॅलन्स करूनच घ्यावा.

पेटीच बदलणार असाल तर आणखी एक बघा. अमेरिकेत १९७२ साली जीपची जुनी 'डाना १८' पेटी जाऊन 'डाना २०' आली. तिचे मागचे तोंड मध्यावर, म्हणून मागचा एक्सलही मध्यावर गोळा असलेला दिला. जुन्या जीपला मध्यावर तोंड असलेली पेटी बसवून मागचा एक्सल उजव्या गोळ्याचा तसाच ठेवला, तर शाफ्ट खाली उतरतो आणि शिवाय आडवाही जातो. दोन्ही मिळून कोन वाढतो. बाजूने बघितले तर दिसत नाही, खाली झोपून बघावे लागते. आणि जुन्या पेटीबरोबर तिच्यावरचा हँडब्रेकही निघून जातो, तो दुसरीकडे कुठे बसवला हे विचारल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

जिप्सीची गोष्ट निराळी. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीची पेटी गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती मागे रबरी गाद्यांवर स्वतंत्र बसते आणि मध्ये एक छोटा शाफ्ट असतो, म्हणजे एकूण तीन शाफ्ट. तिच्या पेटीत आतले गिअर बदलून गाडी जास्त ओढीची करतात. पेटीचे घर जागेवरच असेल तर या कामाने शाफ्टच्या लांबीला काही होत नाही. पण दगड लागू नये म्हणून पेटी वर उचलली किंवा फिरवली, तर तिन्ही शाफ्टचे कोन बदलतात. रबरी गाद्या कुजल्या तरी पेटी जोर आला की तिरपी होते. अशी जिप्सी घूं घूं करू लागली तर आधी गाद्या बघाव्यात.

उलटा प्रकारही आहे, शाफ्टच्या सोयीसाठी पेटी बदलण्याचा. अमेरिकेतल्या १९९७ ते २००६ च्या रँग्लर जीपमध्ये जिथे 'एनपी २३१' पेटी होती, तिथे पेटीला मागे एक लांब शेपटी असे आणि शाफ्टचा योक त्या शेपटीवरच सरकत असे. गाडी उचलली की आखूड शाफ्टचा कोन फार वाढे. तिथले हौशी लोक ती शेपटी आखूड करून पक्का योक बसवतात. पेटी आखूड झाल्याने शाफ्ट लांब होतो, कोन उतरतो, आणि वरच्या टोकाला जोड-क्रॉस देता येतो. मूळ रचनेत शाफ्ट काढला की पेटीचे तेल बाहेर येते. नव्या रचनेत मागचा शाफ्ट तुटला तर काढून ठेवून पुढच्या चाकांवर घरी येता येते. काही जण एवढा खर्च न करता पेटीखालची पट्टी इंचभर खाली घेतात. कोन कमी होतो हे खरे, पण तेवढी पेटी दगडाच्या जवळ येते. तो तात्पुरता इलाज.

कायद्याचे एक वाक्य. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कायद्याने चालण्यासारखा बदल कोणता, हे आरटीओत आधी विचारावे, मग गॅरेजात जावे. अपघात झाल्यावर विमावाले पहिले हेच पुस्तक मागतात.

जीप नसलेल्या सभासदांनी पान उलटले असेल तर त्यांना परत बोलवतो. तुमच्या ट्रॅक्टरच्या पीटीओला रोटाव्हेटर किंवा पाचट कुट्टीचे यंत्र जोडणारा शाफ्ट हा याच जातीचा. दोन क्रॉस, मध्ये सरकणाऱ्या नळ्या, समांतरपणाची आणि कानांच्या ओळीची तीच अट. एका ट्रॅक्टरचा शाफ्ट दुसऱ्याला लावताना लांबी तपासत नाहीत, मग अवजार उचलताना तो मिटून पीटीओच्या बेअरिंगला भिडतो किंवा निसटून पडतो. नळ्या एकात एक निदान तृतीयांश तरी राहाव्यात. वळणावर रोटाव्हेटर उचलताना पीटीओ बंद करावा, तेव्हा कोन सर्वांत वाईट असतो. वरचे प्लॅस्टिकचे आवरण फुटले म्हणून फेकून देऊ नये. ५४० फेऱ्यांना शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो; उपरण्याचे टोक किंवा पदर अडकला तर हात आखडायला वेळ मिळत नाही.

त्या जीपचे पुढे काय झाले? लेथवाल्या मिस्त्रींनी पाचर काढून टाकली, दोन जादा पाटे उतरवले, नवा शाफ्ट चाकांवर उभ्या गाडीत मोजून बनवला आणि पुढे पट्टीचा कडा बसवला. काम होईपर्यंत म्हातारबा स्टूल टाकून समोर बसले होते. पैसे देताना त्यांनी मिस्त्रींना एकच विचारले, "भरून उभी करून मोजली न्हवं?" मिस्त्रींनी मागे बोट दाखवले. गाडीत खताची तीच सहा पोती होती.